अकरावा तुकडा

शिरगाव, रत्नागिरी
रविवार, १४ मे १९८९

प्रिय राही,

तू पाठवलेल्या तीनशे बारा पानांपैकी एकशे त्रेचाळीस पानं हापूसच्या पेट्यांत भरून मुंबईला गेली. हे तुला कळवणं भाग आहे, म्हणून लिहिते आहे. ती पानं कुठल्या दलालाच्या गाळ्यावर उघडली, कोणाच्या घरी आंब्यांखाली अंथरली गेली, मला ठाऊक नाही. चूक माझी आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पहिल्या दिवशी मी तसं म्हटलं नव्हतं. आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ह्या पानांपेक्षा मोठी आहे. ती शेवटी येईल. शेवटाकडे आधी जाऊ नकोस. गणिताचं पुस्तक हातात पडलं की मागची उत्तरं आधी उघडायची तुझी खोड मला माहीत आहे. तुझा भाऊ गंगाराम उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे यायला निघतोय. आत्ता तो ओटीवर आमच्या आप्पांशी लांज्याच्या काजूंबद्दल बोलत बसलाय आणि दर पाच मिनिटांनी आत डोकावून विचारतोय, 'बाई, झालं का?' त्याच्या हातात हे पत्र आज पडलंच पाहिजे. पोस्टाच्या पेटीपर्यंत मी ते नेईन, असा माझा माझ्यावर विश्वास नाही.

सुरुवात दिवाळीत झाली. तू आलीस, पडवीत बसलीस आणि विचारलंस, 'बाई, शाळेतल्या कॉम्प्युटरवर काय शिकवता?' शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले, शिकून आलेले मास्तर बदली करून निघून गेले, आणि हेडमास्तरांनी खोलीला पडदे लावून, दाराबाहेर चपला काढण्याची पाटी टांगून मला निवृत्तीतून उठवून नेलं, हे तुला कळलं होतंच. मी म्हटलं, बेसिक शिकवते, पुस्तिकेत आहे तेवढं. तू हसलीस. म्हणालीस, 'मी जिच्यात काम करते ती भाषा निराळी आहे. लिस्प. तुम्हाला आवडेल. सगळी कंसांत असते.' मी म्हटलं, कंसांत आवडण्यासारखं काय असतं? तू चुलीतला कोळसा आणलास आणि पडवीच्या लादीवर लिहून दाखवलंस. यादीत किती गोष्टी आहेत ते कसं मोजायचं? यादी रिकामी असेल तर उत्तर शून्य. नसेल तर पहिली गोष्ट बाजूला ठेव, उरलेली यादी मोज, त्यात एक मिळव. आणि उरलेली यादी कशी मोजायची? ह्याच रीतीने. तू गेलीस, आणि ती लादी मी चार दिवस पुसू दिली नाही. छत्तीस वर्षं मी पोरांना कंस सोडवायला शिकवलं. आतला आधी, मग बाहेरचा. उघडलास तर बंद कर, नाहीतर हात पुढे कर. पण ज्या रीतीच्या पोटात तीच रीत बसली आहे, अशी रीत मी कधी फळ्यावर लिहिली नव्हती. त्याहून जास्त हे लागलं की तू दिवसभर काय करतेस, हे मला त्या दिवसापर्यंत कळतच नव्हतं.

तेव्हापासून मला चैन नाही. रत्नागिरीतल्या दुकानांत गाइडं आणि वह्या. पुण्याच्या दुकानाला जोडकार्ड टाकलं, उत्तर आलं की हे नाव ऐकलेलं नाही. मुंबईच्या एका दुकानाने कळवलं की परदेशातून मागवावं लागेल, चार महिने लागतील, तेही नक्की नाही. मग तुला लिहिलं. तू जे केलंस ते तुझ्याच पत्रांतून मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं, आणि ते मी इथे परत लिहिते, म्हणजे मला ते समजलं आहे असं तुला कळेल. तुमच्या संस्थेतला कॉम्प्युटर ठरलेल्या वेळी परदेशातल्या एका कॉम्प्युटरला टेलिफोन लावतो, इथली साठलेली पत्रं देतो, तिथली घेतो आणि फोन ठेवतो. त्यांत जगभरच्या लोकांचे प्रश्न असतात, विषयवार लावलेले. लिस्पवाल्यांच्या गटात तू विचारलंस की एका निवृत्त शिक्षिकेने ही भाषा कुठून शिकावी, तिच्याकडे ही भाषा चालवणारं मशीन नाही. त्यावर तिघांनी विचारलं की मशीन नाही तर बाई शिकून करणार काय. तू ते मला जसंच्या तसं कळवलंस, आणि मला राग आला, आणि तो तुला अपेक्षित होता. फिनलंडमधल्या एका माणसाने मात्र नीट उत्तर दिलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात एक मशीन आहे. त्याला पत्र टाकायचं, आत फक्त 'यादी पाठव' एवढंच लिहायचं, की ते आपलं आपण यादी पाठवतं. यादीतलं जे हवं ते मागितलं की तेही पाठवतं. मध्ये माणूस नाही. हे वाचून मी चष्मा दोनदा पुसला. वर्गाच्या गळक्या छपरासाठी आम्ही तीन अर्ज केले, तिथे तर मध्ये माणसंच माणसं आहेत आणि उत्तर नाही.

यादी आली. तिच्यात तुला हवं ते पुस्तक सापडलं. पण एवढं लांब पत्र एका वेळी येत नाही, म्हणून त्याचे तेवीस तुकडे झाले. मध्येच फोन तुटायचा. सातवा तुकडा तीनदा आला. अकरावा आलाच नाही. तू त्या मशीनकडे तो चार वेळा मागितलास. मशीन म्हणायचं पाठवला, इकडे काही नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. शेवटी तू त्या फिनलंडच्या माणसाला लिहिलंस आणि त्याने स्वतःच्या प्रतीतला अकरावा तुकडा तुला पाठवला. मग परवानगी काढून तू सगळं छापून घेतलंस आणि एस.टी.च्या पार्सलने पाठवलंस. पहिल्या पानाला टाचलेली तुझी चिठ्ठी होती: 'अकरावा येईना तेव्हा इथले सगळे म्हणाले, सोडून दे, चौदा पानं नसली तर काय बिघडतं. बाई, न आलेल्या पत्राची पाठ मी एकदा सोडली होती, धोंडूकाकांच्या वेळी. परत नाही सोडायची, असं तेव्हाच ठरवलंय.' ते मी एकदा वाचलं. चिठ्ठी घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली. आणि लगेच पान एक काढून वाचायला बसले.

पाच दिवसांत चौसष्ट पानं केली. वेगळी वही घातली. यादीतलं पहिलं काढणं त्याला 'कार' म्हणतात आणि उरलेलं काढणं त्याला 'कुडर', ही नावं कोणी ठेवली ते एकदा तुझ्या फिनलंडच्या माणसाला विचार, आणि माझ्या वतीने सांग की पोराने अशी नावं ठेवली असती तर मी बाकावर उभं केलं असतं. बाकी भाषा स्वच्छ आहे. शाळेतल्या दोनांपैकी एक मशीन खाऱ्या हवेने बंद पडलं, दुसऱ्यात ही भाषा नाही, म्हणून मीच मशीन झाले. पेन्सिलीने एकेक पायरी लिहायची, आतला कंस आधी, उत्तर वर न्यायचं, पुढचा कंस. लाल शाईने स्वतःलाच मार्क द्यायचे. आप्पा दोनदा दाराशी येऊन पाहून गेले. ते माझे धाकटे दीर असूनही मला घाबरतात, तरी धीर करून म्हणाले, 'वहिनी, ह्या वयात परीक्षा आहे काय कसली?' मी हो म्हटलं.

आता चूक. मे महिन्यात हे घर माणसांचं नसतं, तुला सांगायला नको. माजघरात आंबे, कॉटखाली आंबे, देवघराची कडा तेवढी मोकळी. पडवीत पेट्या भरणं चालू. बुधवारी सकाळी शाळेतून निरोप आला की कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहिली आहे आणि सुट्टीतच तपासणीला साहेब आले आहेत. उरलेली दोनशे अठ्ठेचाळीस पानं माझ्या हातात होती. टेकायला जागा दिसेना. पेट्यांत अंथरायला आप्पांनी रद्दीवाल्याकडून आणलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा पडवीत होता, त्यावर मी ती ठेवली. मी ठेवली, राही. कोणी नेऊन ठेवली नाहीत. पाच मिनिटांत आत नेईन म्हणून ठेवली आणि किल्ली घेऊन निघाले. साहेबांना पडदे आवडले, मशीन चालू करून बघावंसं त्यांना वाटलं नाही, आणि ह्यात एक वाजला.

परत आले तर बावीस पेट्या ठोकून रवाना झालेल्या. हौसा पेंढा गोळा करत होती. वीस वर्षं तीच आमच्या पेट्या भरते. तिच्या मांडीवर सहा पानं उरली होती आणि खुंटीवर भोकाभोकांच्या पट्ट्या टांगलेल्या, तुमच्या त्या कागदाच्या दोन्ही कडांच्या. तिने त्या नीट सोडवून ठेवल्या होत्या. म्हणाली, 'बाई, यंदा कागद लय चांगला आनला आप्पांनी. जाड. एक बाजू कोरी. झालर तेवढी फेकवंना.' मी तशीच रिक्षा करून मुंबईच्या रस्त्यावरच्या हातखंब्याला गेले. तेरा पेट्यांचा ट्रक अकरालाच निघून गेला होता. नऊ पेट्या दुसऱ्या ट्रकमध्ये होत्या आणि तो ट्रक चहासाठी थांबला होता. ड्रायव्हर कोण, तर सदू. तुझ्याच वर्गातला, बीजगणितात पस्तीस मार्क मिळवायला ज्याने तीन मार्च घेतले तो. मला बघताच चहाचा पेला खाली ठेवून उभा राहिला. 'बाई, काय चुकलं माझं?' मी म्हटलं, नऊ पेट्या खाली घे. त्याने कारण विचारलं नाही. ताडपत्री अंथरली, लोखंडी टामीने झाकणं उचकटली, आणि एकेक आंबा बाहेर असा काढून ठेवला की मला वाटलं, ह्याला मी गणिताऐवजी दुसरं काही शिकवायला हवं होतं. एक पान उन्हात धरून म्हणाला, 'बाई, ह्यात एकबी बेरीज नाय. नुसते कंस. माझा हात आपोआप मागे गेला बघा.' चहावाल्याने विचारलं, 'कोर्टाचे कागद काय?' मी हो म्हटलं. त्यावर टपरीवरची सगळी माणसं धावून आली आणि तासाभरात नव्व्याण्णव पानं हाताला लागली. आंब्याचा चीक लागून काही तपकिरी झाली आहेत, पण वाचता येतात. तुझ्या अकराव्या तुकड्याची चौदा पानं होती. त्यांतली तीन मिळाली. बाकीची अकरा त्या आधीच्या ट्रकने गेली.

घरी आले ती तापलेलीच. हौसा भाकरी बांधून निघण्याच्या बेतात होती. आप्पा होते, पेट्या ठोकणारे दोघे होते, शेजारची कमला विहिरीवर होती. सगळ्यांसमोर मी तिला फैलावर घेतलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, छत्तीस वर्षांची सवय आहे, तू ओळखशील. शेवटी म्हटलं, 'दुसऱ्याच्या नावाने आलेला कागद आपल्या कामाला वापरताना हाताला काहीच कसं वाटलं नाही?' हौसा रागावली नाही, रडलीही नाही. पदराने हात पुसत म्हणाली, 'बाई, मला वाचता येत नाय वो. येत असतं तर कोनाच्या नावाचा कागद मी असा वापरला असता काय?' आणि डोक्यावर टोपली घेऊन गेली.

हे झालं बुधवारी. आज रविवार आहे. त्या वेळेपासून मी एका जागी सलग अर्धा तास बसलेली नाही. वही उघडते, एक कंस सोडवते, उठते. मोरीत जाते, तिथे कशाला आले ते आठवत नाही. हौसाची माफी मागायची म्हणून शब्द शोधले, मिळाले नाहीत. शेवटी गुरुवारी सकाळी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि पेटी भरायला लागले. ती म्हणाली, 'येवढा दाबू नका पेंढा. फळाला वारा लागूं दे.' मी पेंढा मोकळा केला. चार पेट्या भरल्या आम्ही. दुपारी तिने तिच्या भाकरीतली अर्धी मला दिली आणि कपाळावर आठी घालून म्हणाली, 'खावा. परीक्षा हाय म्हनतात आप्पा तुमची.' मला हसू आलं आणि लगेच उठून आत जावं लागलं.

गंगाराम पुन्हा डोकावून गेला. आता लिहिते.

सन अठ्ठ्याहत्तरचा जुलै. तू बारावी झाली होतीस, आठवीपासून ह्या घरात राहत होतीस, आणि लावणीसाठी पंधरवडाभर गावी गेली होतीस. तुमच्या गावात पत्र पोचेल याची खात्री नाही म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजच्या अर्जावर तू पत्ता माझा घातला होतास, 'मार्फत यमुनाबाई'. गुरुवारी, तेरा तारखेला, पाकीट आलं. मुलाखत पुढच्या बुधवारी, एकोणीसला. मध्ये सहा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने कोणालाही तुझ्या गावी धाडता आलं असतं, मीही जाऊ शकले असते. शुक्रवारी सातची गाडी जाताना मी ओटीवरून पाहिली. शनिवारीही पाहिली. मग पाहायची सोडली. तेवीसला तू परत आलीस, हातापायांना चिखलाच्या चिरा पडलेल्या, आणि चूळ भरायच्या आधी विचारलंस, 'बाई, पत्र?' मी म्हटलं, नाही.

तू रोज विचारायचीस. मग तू पोस्टात जाऊन धोंडूशी भांडलीस. सगळ्या पोस्टमनांत धोंडू हाच ह्या वाटेने यायचा, म्हणून पत्र हरवलं असेल तर त्यानेच, असा तुझा हिशेब होता, आणि तुला दिलेल्या आकड्यांवरून तो बरोबर होता. आकडे मी चुकीचे दिले होते. तू त्याला चारचौघांत बेजबाबदार म्हणालीस आणि त्यानंतर वर्षभर त्याच्याशी बोलली नाहीस. मी तुला अडवलं नाही. उलट संध्याकाळी म्हटलं की झालं ते झालं, इथल्या कॉलेजात बी.एस्सी. कर, गणित घे. तू केलंस. तीन वर्षं माझ्यासमोर बसून जेवलीस. मग मुंबईला एम.एस्सी., मग दोन वर्षं ती कारकुनी, तिच्यासोबतच संध्याकाळचे वर्ग, आणि मग जिथे चार वर्षांत पोचली असतीस तिथे सात वर्षांनी पोचलीस. दिवाळीत तू हसत म्हणालीस, 'धोंडूकाकांनी पाकीट हरवलं नसतं तर मी कंसांऐवजी पूल बांधत असते.' मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

मी तेव्हा स्वतःला पुष्कळ कारणं दिली होती. घाटावरचं कॉलेज, वर्गात मुलगी एकटी, वसतिगृह कसं असेल कोण जाणे. सगळी कारणं नीट मांडलेली, एकाखाली एक. ती खोटी होती. तुझे काका, म्हणजे आमचे हे, त्या मार्चमध्ये गेले होते, आणि आप्पा तेव्हा इथे राहत नव्हते. संध्याकाळी दिवा लावल्यावर ह्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज हवा होता, एवढंच खरं कारण आहे. पाकीट मी फाडलं नाही, जाळलं नाही. तुझ्या काकांच्या लोकरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि कोट पेटीत ठेवला. दर वर्षी पावसाळा संपला की तो कोट उन्हात टाकते. दर वर्षी पाकीट काढून ठेवते आणि संध्याकाळी परत घालते. अकरा वेळा.

आज सकाळी तुझ्याआधी धोंडूकडे गेले, कारण त्याचं देणं आधीचं आहे. तो आता घरीच असतो. अंगणात आमसुलं वाळत घालत होता. मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं. त्याने हातातली सोलं पसरून संपवली आणि म्हणाला, 'ठाऊक आहे बाई. पाकीट मीच तुमच्या हातात दिलं. लांब पाकीट, कॉलेजचा शिक्का. पेढा मिळेल म्हणून दोन मिनिटं थांबलो होतो पायरीवर.' मला हे कधी सुचलंच नव्हतं, राही. छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि ज्याने पाकीट दिलं त्याला ते दिल्याचं ठाऊक असणार, एवढी सरळ पायरी मी गाळली होती. मी विचारलं, मग ती भांडायला आली तेव्हा का बोलला नाहीस? म्हणाला, 'ती पोर तुमच्याकडे राहत होती. खरं सांगितलं असतं तर त्या संध्याकाळी ती जेवायला कुठे गेली असती? माझ्यावर रागावून ती तुमच्याच घरी परत गेली. बरं झालं.' मग म्हणाला, 'पण पेढा राहिला तो राहिलाच.' मी पेढे नेले नव्हते. ते काही मी नेऊ शकले नसते.

हौसाला जे मी विचारलं ते तू मला विचारावंस, म्हणून हे पत्र लिहिलं. मला वाचता येत होतं. पाकिटावरचं नावही वाचलं, आतलं पत्रही वाचलं, तारीखही वाचली, आणि तरीही ते मी माझ्या कामाला वापरलं. तुझी माफी मागत नाही, कारण ती मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर मी आणखी एक काम टाकणार नाही. गेलेली पानं पुन्हा पाठवू नकोस. अकराव्या तुकड्यासाठी तू तीन महिने पाठ धरलीस, आणि तुझा तुकडा अकरा वर्षं माझ्या पेटीत होता. तो आधी तुझ्याकडे पोचला पाहिजे. मी उरलेल्या पानांवर भागवीन. दिवाळीला येणं न येणं तुझ्यावर आहे. आलीस तर धोंडूकडे आधी जा. आली नाहीस तर पडवीतल्या लादीवर तुझं ते कोळशाचं गणित मी पुन्हा लिहून ठेवलं आहे, आणि कोणी पुसणार नाही.

तुझ्या घरात आवाज असो.

तुझीच,
बाई

गंगारामच्या हाती आज सायंकाळी सहा वाजता दिलेलं:

हापूस, एक पेटी. भरणारी हौसा. पेंढा मोकळा ठेवलेला आहे, उघडताना दाबू नये.

हरवलेल्या एकशे त्रेचाळीस पानांच्या आकड्यांची यादी, फक्त नोंदीसाठी. चीक लागलेल्यांपैकी अकराव्या तुकड्याची तीन पानं सोबत, त्यांच्या मी नकला करून घेतल्या आहेत.

माझी वही, एक. एक्केचाळीस गणितं. सव्विसावं, एकोणतिसावं आणि अडतिसावं यांची उत्तरं मशीनवर पडताळायची राहिली आहेत. वेळ झाला तर.

लांब पाकीट, एक. वर नाव राहीचं, मार्फत माझ्या. १३ जुलै १९७८ ला पोचलेलं, उघडलेलं, आतला कागद पूर्ण. हे मी दिलं नाही. धोंडू शर्ट बदलून आला होता. त्याने पाकीट हातात घेतलं, वरचं नाव मोठ्याने वाचलं, आणि गंगारामच्या हातात दिलं. मी ओटीवर उभी होते. आत काय आहे ते गंगारामला सांगितलेलं नाही. त्याने पोच म्हणून खाली सही केली आहे.

गंगाराम